ज्वारीच्या धसकटात मेथी टाकण्याआधी
ज्वारी काढलेल्या रानात लगेच बारीक बी पेरू नका. ज्वारीच्या मुळांवरच्या बारीक केसांतून सॉर्गोलिओन नावाचं पिवळसर तेलकट द्रव्य जमिनीत पाझरतं. ते शेजारच्या कोवळ्या रोपांचं प्रकाशसंश्लेषण अडवतं आणि तण खुरटतं. तणाचं ठीक आहे, पण मेथी-मुळ्याच्या कोंबालाही त्याचा त्रास होऊ शकतो.

धसकटं वेचून बाहेर काढा, नाहीतर कुजायला काही आठवडे द्या. शंका असेल तर एका कुंडीत त्या रानाची माती भरा, दुसरीत शेजारच्या, ज्वारी न घेतलेल्या रानाची. दोन्हींत मेथीचे 20-20 दाणे टाका. आठवड्याने किती उगवले ते मोजा, दोन-चार रोपं उपटून मुळंही पाहा. (धसकटं कुजवणारे जिवाणू नत्रही ओढून घेतात, तेव्हा रोपं नुसती पिवळी दिसली तर सगळं खापर या द्रव्यावर फोडू नका.)

गव्हाणीत उरलेला कडबा मात्र फेकू नका. मोठ्या झाडांच्या बुंध्याभोवती पसरला तर तणाला चांगला आळा बसतो. नुकत्याच पेरलेल्या वाफ्यावर तो नको.