मृगाआधीची बेगमी: वर्षाचं धान्य भरण्यापूर्वी करायची तयारी

वर्षाचं धान्य भरायचं तर पहिलं काम घरातच आहे. भुसार दुकानात पाऊल टाकण्याआधी आपल्या घराला महिन्याला नेमकं काय आणि किती लागतं, हे कागदावर आलं पाहिजे. त्यासाठी फार काही करावं लागत नाही. तूरडाळीचं नवं पाकीट फोडलं की डब्यावर तारीख लिहा, डबा रिकामा झाला की दुसरी तारीख लिहा. गव्हाच्या प्रत्येक दळणाची तारीख गिरणीत देतानाच मोबाइलमध्ये टाका. दोन महिन्यांत खरं चित्र दिसतं. चौघांच्या घरात रोज पोळ्या होत असतील तर दिवसाला अर्धा ते पाऊण किलो कणीक लागते, म्हणजे वर्षाला साधारण 180 ते 270 किलो. हे अंतर केवढं मोठं आहे बघा. अंदाजाने ‘तीन क्विंटल टाका’ म्हणणाऱ्या घरात भाद्रपदात गव्हाला सोंडे लागतात, कारण सांभाळण्याच्या ताकदीपेक्षा माल जास्त झालेला असतो.

या आकड्यातून आता वजाबाकी करायची. आठवड्यातून किती वेळा भाकरी होते, मुलांच्या सुटीत घर किती दिवस बंद असतं, गावाहून काय येतं, हे सगळं धरायचं. रेशनचं धान्य तर आधी धरायचं. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात (2013) प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी 35 किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. चौघांच्या प्राधान्य कार्डावर वर्षाला 240 किलो गहू-तांदूळ घरात येतात. अशा घराने गव्हाच्या गोण्या भरण्यात पैसा अडकवू नये. तो डाळी, मसाला आणि कांद्याकडे वळवावा. उरलेल्या गरजेतही मी बारा महिन्यांचा हिशेब धरत नाही, नऊ-दहा महिन्यांचा धरते. शेवटच्या दोन महिन्यांत नवा माल बाजारात येऊ लागतोच.

दुसरी तयारी पैशाची, आणि इथेच बहुतेक घरं अडतात. धान्याचा मुख्य हंगाम मार्च ते मे. लगेच जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं, दप्तर, रेनकोट. दोन्ही खर्च एकाच पगारातून निघत नाहीत. मग धान्य उधारीवर किंवा क्रेडिट कार्डावर येतं, आणि जे वाचणार होतं ते व्याजात जातं. म्हणून बँकेत बारा महिन्यांचं आवर्ती खातं (आरडी) असं उघडायचं की ते एप्रिलच्या सुरुवातीला पुरं होईल. पोस्टाचं आवर्ती खातं पाच वर्षांचं असतं, ते या कामासाठी नाही. भिशी असेल तर सगळ्या बायकांना आधीच सांगून एप्रिलचा नंबर मागून घ्यायचा. आमच्याकडे बहुतेक जणी दिवाळीचा नंबर मागतात, त्यामुळे एप्रिल सहज मिळतो. एवढी रक्कम एकदम जमत नसेल तर यंदा फक्त तूरडाळ आणि मसाला भरा. अर्ध्या तयारीने सगळं भरण्यापेक्षा दोनच वस्तू नीट भरलेल्या बऱ्या.

खरेदी एका दिवसात उरकायची नसते. ज्याचा हंगाम त्याचा महिना. तांदूळ डिसेंबर-जानेवारीत घ्यायचा, तेव्हा मावळ, मुळशी, भोरकडचा नवा इंद्रायणी आलेला असतो. नवा भात चिकट होतो, म्हणून तो ठेवून पावसाळ्यात काढायचा. तोवर तो जुना होतो आणि भाताला फुगतोही चांगला. तुरीची रास जानेवारीच्या सुमारास होते, त्यामुळे नवी डाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये बघायची. चिंच, हळद, मिरची, गूळ होळीच्या आगेमागे. ज्वारी खाणाऱ्या घराने मालदांडी मार्चमध्ये घ्यावी. गहू पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, आणि कांदा सगळ्यात शेवटी, एप्रिल अखेर ते मे. 7 जूनच्या आसपास मृग लागतो. त्याआधी शेवटची कोठी बंद झाली पाहिजे. एकदा हवेत ओल आली की वाळवायला ऊन मिळत नाही.

गहू घेताना घाई करू नका. लोकवन असो, सिहोर असो की शरबती, दुकानदार वरच्या थरातला नमुना दाखवतो. गोणीत हात कोपरापर्यंत घालून खालचा मूठभर काढायला सांगा. तळहातावर पसरून बघा: दाणा एकसारखा भरलेला आहे का, मध्ये सुरकुतलेले बारीक दाणे किती, खडे आणि काडी किती. मग चार दाणे दाताखाली धरा. कट्ट आवाज करून तुटला तर गहू वाळलेला. दबला, चपटा झाला तर त्यात ओल आहे, तो कितीही स्वस्त असला तरी साठवणीचा नाही. लगेच अख्खी गोणी उचलू नका. दोन किलो आणून दळा, पोळ्या करा आणि सकाळची पोळी रात्री खाऊन बघा. डब्याच्या पोळ्या नेणाऱ्या घरासाठी हीच खरी परीक्षा आहे. पसंत पडला की मग तोच लॉट धरून ठेवायला सांगा. वजन आपल्या डोळ्यांसमोर काट्यावर करून घ्या, बारदानाचं, म्हणजे रिकाम्या गोणीचं, वजन वजा झालं का बघा, आणि हमाली आणि टेम्पोचं भाडं भावात मिळवून मगच किलोचा खरा दर काढा.

हा दर काढला की एक गोष्ट स्पष्ट दिसते. समजा गहू घरपोच 36 रुपये किलो पडला, दळणाचे 6 धरले, आणि पाकिटातली कणीक 50 ला आहे. किलोमागे 8 रुपये सुटले, 200 किलोला 1600. वर्षाचे 1600 चांगलेच आहेत, पण फक्त गव्हावर घरखर्च पालटेल अशी आशा धरू नये. आपल्या गावचे आकडे घालून हे गणित कराच. पाकीटबंद, लेबल लावलेल्या 25 किलोपर्यंतच्या धान्य, डाळी आणि पिठांवर जुलै 2022 मध्ये 5 टक्के जीएसटी लागला, सुटा माल त्यातून बाहेर राहिला. तोही फरक हिशेबात येतो. खरी मोठी बचत मात्र डाळी, मसाला आणि कांद्यात आहे. त्यांचे भाव वर्षभरात जास्त हलतात.

डाळीचं सांगायचं तर तूरडाळीला एरंडेल लावण्याची आपली जुनी पद्धत अजून तितकीच कामाची आहे. दहा किलोला साधारण 50 मिली तेल पुरतं. मोठ्या परातीत दोन किलो डाळ घ्यायची, दोन चहाचे चमचे एरंडेल दोन्ही तळहातांना चोळायचं आणि डाळ ओंजळीत घेऊन हलक्या हाताने चोळत राहायचं. प्रत्येक दाण्यावर बारीक चमक आली पाहिजे, पण डाळ हाताला चिकटता कामा नये. चिकटली तर तेल जास्त झालं, त्यात थोडी कोरडी डाळ मिसळा. मग जुन्या सुती चादरीवर एक दिवस उन्हात पसरून, गार झाल्यावर डब्यात भरा. वापरताना कोमट पाण्याने दोनदा धुतली की तेलाचा वास राहत नाही. अख्ख्या कडधान्यांची गोष्ट वेगळी. मूग, चवळी, मटकीच्या दाण्याला शेतातच भुंगेऱ्याची अंडी लागलेली असू शकतात. फ्लॅटमध्ये उन्हात वाळवायला गच्ची नसेल तर दोन-दोन किलोच्या पिशव्या करून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता पूर्ण साध्या तापमानाला येऊ द्या, पुसा आणि मग डब्यात भरा. तरीही कडधान्य चार महिन्यांच्या वर भरू नये, असं माझं मत आहे.

मसाल्यासाठी मिरची तीन प्रकारची घ्या: रंगाला ब्याडगी, तिखटाला गुंटूर किंवा लवंगी, आणि चवीला संकेश्वरी मिळाली तर उत्तम. देठ काढून, कडकडीत वाळवून, मिरची हाताने मोडली की चुरा व्हायला हवा. धणे, दगडफूल, नागकेशर, चक्रीफूल, तमालपत्र, शहाजिरं सुट्या दुकानातून वजनावर घ्या. तयार पुड्यांमध्ये आपल्याला न लागणाऱ्या वस्तूंचेही पैसे जातात. डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीवर, गर्दी एप्रिलच्या शेवटी होते, म्हणून मार्चमध्येच नंबर लावा आणि कुटताना समोर उभ्या राहा. मसाला पूर्ण गार झाल्यावरच बरणीत दाबून भरा, तळाला आणि वर खडा हिंग ठेवा, बरणीच्या तोंडाला दादरा (कापड) बांधा आणि रोजच्या वापराला वेगळी छोटी बरणी काढा. मोठी बरणी ओल्या चमच्यापासून लांब राहिली की वर्षभर रंग टिकतो.

कांदा घेताना तो उन्हाळी, म्हणजे रब्बीचाच आहे याची खात्री करा. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. मध्यम आकार, बारीक सुकलेली मान, वरचं साल कोरडं आणि वाजणारं. डोंगळ्याचा (फुलाचा दांडा आलेला) आणि जोडकांदा बाजूला काढून तो आधी खायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कांदा ठेवू नका, जाळीच्या गोणीत किंवा बांबूच्या टोपलीत, जमिनीपासून वर, वारा लागेल असा ठेवा आणि शेजारी बटाटे नकोत. चार-पाच महिने तो नीट राहतो. सप्टेंबरनंतर बाजारात भाव चढतो, तेव्हा घरातला कांदा कामाला येतो. वजन घटेल आणि थोडा सडेलही, म्हणून गरजेपेक्षा पाव भाग जास्त घ्यायला हरकत नाही, त्याहून जास्त मात्र नको.

काय भरायचं नाही तेही आधीच ठरवा. शेंगदाणे, सुकं खोबरं, तीळ खवट होतात. रवा, मैदा, बेसन आणि पोह्यांना पावसाळ्यात जाळी धरते. तेलाचे डबे सवलतीच्या पाटीवर उचलायचे नाहीत, महिन्याला लागेल तेवढंच. आणि मुलं तीन दिवस खाऊन तोंड फिरवतील असं काहीही स्वस्त म्हणून घेऊ नका.

डबे-कोठ्या महिनाभर आधी बाहेर काढा. तळाशी मागच्या वर्षीचं पीठ आणि दाणे राहतात, कीड तिथूनच येते. घासून, धुऊन, दोन कडक उन्हं दाखवून, झाकणाची फट तपासा. कोठी भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली लाकडी पाटाचा आधार द्या. गव्हात सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थरांमध्ये घाला, ओला पाला कधीच नाही. उन्हात वाळवलेलं धान्य गरम असताना भरू नका, संध्याकाळी गार झाल्यावर भरा, नाहीतर आत ओल धरते. तांदूळ मात्र कडक उन्हात घालायचाच नाही, दाणा तडकतो आणि भातात कणी होते.

आता जिवाशी संबंध असलेली एक गोष्ट. धान्यात टाकायला म्हणून बाजारात ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या मिळतात. त्यांना हवेतली ओल लागली की फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावलेली आहेत. त्या घरात आणायच्या नाहीत, गावाहून कोणी प्रेमाने दिल्या तरी नाही. पाऱ्याच्या टिकड्या आणि तांदळाला बोरिक पावडर हेही मी घरात वापरू देत नाही. खाण्याच्या वस्तूला लावायची ती खाण्याची वस्तूच असावी. भीती वाटत असेल तर कमी धान्य भरा.

एकट्या घराला भाव मिळत नाही, तो सात-आठ घरांना मिळतो. सोसायटीत किंवा चाळीत एप्रिलच्या आधी यादी फिरवा: कोणाला गहू किती, डाळ किती. ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट टेम्पो मागवता आला तर दोघांचाही फायदा होतो. पण त्याला अर्धी रक्कम आगाऊ द्या. त्याने माल आपल्यासाठी अडवून ठेवलेला असतो, आणि ‘बघू, सांगते’ म्हणणाऱ्या चार घरांमुळे त्याचं नुकसान होता कामा नये. कुरडया, पापड, सांडग्यांचंही तसंच. वेळ आणि गच्ची दोन्ही असेल तर एकत्र बसून करा. नसेल तर महिला बचत गटाकडून घ्या, स्वतः करण्याच्या हट्टात रजा वाया घालवणं परवडत नाही.

सगळं भरून झालं की प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून वजन, भाव आणि तारीख लिहा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, कोरडी हवा असलेल्या दुपारी, झाकण उघडून हात आत घालून बघा. हाताला ऊब लागली किंवा कुबट वास आला तर त्याच दिवशी धान्य बाहेर काढा, पंख्याखाली पसरा, चाळा आणि निवडा. थोडे सोंडे दिसले तर तेवढा भाग वेगळा करून लगेच दळून संपवा, आणि उरलेला दुसऱ्या, कोरड्या डब्यात हलवा.