स्विमिंग पूल की पाणी? सोसायटीचा पैसा कुठे घालायचा हे ठरवताना

मी आमच्या सोसायटीची खजिनदार आहे. पैसे कशावर खर्च करायचे यावरून सभेत आवाज चढतात, तेव्हा माझं म्हणणं एकच असतं: आधी पाण्याचा हिशेब मांडा, मग जिम, क्लबहाऊस, पूल यांवर मत घ्या. सोयींना माझा विरोध नाही. मुलांना खेळायला जागा हवी, वयस्कर मंडळींना बसायला बाक हवेत. पण जिमला कुलूप लागलं तर थोडे लोक हळहळतात. नळाला पाणी नसलं तर घराघरातली सकाळ मोडते आणि सगळ्यात जास्त हाल ज्यांना बादल्या उचलता येत नाहीत त्यांचे होतात.

हिशेबासाठी तीन आकडे लागतात: रोज पाणी येतं किती, गच्चीवरच्या टाकीत चढतं किती आणि घरांत वापरलं जातं किती. मुख्य मीटरचं रीडिंग रोज ठरलेल्या वेळी वहीत लिहायला लावा, पंप कधी चालू झाला, कधी बंद झाला तेही. टँकर येत असेल तर तारीख आणि लिटर. दोन-तीन आठवड्यांची अशी वही सभेत ठेवली की अर्धे वाद तिथेच मिटतात, कारण ‘पाणी पुरत नाही’ आणि ‘पाणी वाया जातं’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांवरचे खर्चही वेगळे आहेत. नवीन बोअर मारून गळकी टाकी भरत बसण्यात काहीच अर्थ नाही.

गळती शोधायला आधी कन्सल्टंट लागत नाही. एक लांब काठी, खडू आणि जागायची तयारी पुरते. टाकीची आतली लांबी-रुंदी बिल्डिंगच्या नकाशावरून घ्या. मोजायला म्हणून कोणीही आत उतरायचं नाही. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो आणि त्यात माणसं दगावतात. समजा जमिनीखालची टाकी ६ मीटर बाय ४ मीटर आहे. म्हणजे २४ चौरस मीटर, आणि पातळी १ सेंटिमीटर उतरली की २४० लिटर पाणी गेलं. रात्री एकच्या सुमाराला पंप बंद, येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्हही बंद. काठी तळापर्यंत सरळ सोडायची, वर काढून ओल्या रेषेवर खडूची खूण करायची. पहाटे पाचला पुन्हा तेच. काठी दोन्ही वेळा झाकणाच्या त्याच कोपऱ्यातून सोडा, कारण टाकीच्या तळाला उतार असतो आणि जागा बदलली की आकडा चुकतो. पाणी कुठेच जात नसताना पातळी उतरली, तर टाकीच गळते आहे.

गच्चीवरच्या टाकीची चाचणी दोन रात्री करावी लागते. पहिल्या रात्री खाली जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवून, दुसऱ्या रात्री उघडा ठेवून. पहिल्या रात्रीची नोटीस आदल्या दिवशी लावा, लोक पाणी भरून ठेवतील. व्हॉल्व्ह बंद असताना पातळी जागेवर राहिली आणि उघडल्यावर उतरली, तर पाणी पाइपांत किंवा घरांत जातं आहे. १२ चौरस मीटरच्या टाकीत चार तासांत ५ सेंटिमीटर उतार म्हणजे ६०० लिटर, तासाला १५०. त्या वेळी इमारत झोपलेली असते, तेव्हा यातला मोठा वाटा गळतीचाच. हाच वेग दिवसभर धरला तर ३६०० लिटर होतात.

घरांतली गळती बहुतेक फ्लशच्या टाकीत सापडते. टाकीत खाण्याचा रंग घालायचा आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश न करता थांबायचं. भांड्यात रंग उतरला तर आतलं वॉशर गेलं आहे. नळ ठिबकत असेल तर दहा मिनिटं भांडं लावा आणि जमलेल्या पाण्याला १४४ ने गुणा. तो दिवसाचा आकडा. हे काम प्रत्येकाने आपापल्या घरी करून दारावरच्या कागदावर खूण करायची. कमिटीने सोबत प्लंबर फिरवला तर उत्तम.

आमच्याकडे सापडलेली गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती कुठेही असू शकते. टाकीचा ओव्हरफ्लो पाइप थेट गटाराच्या लाइनला जोडलेला होता. बॉल कॉक (टाकी भरली की येणारं पाणी बंद करणारा तरंगता नळ) नीट बंद होत नव्हता, पाणी रात्रभर वाहत होतं आणि कुणाला थेंबही दिसत नव्हता. प्लंबरने तो पाइप कापून वॉचमनच्या केबिनसमोर उघडा सोडला. आता टाकी भरून वाहू लागली की लगेच दिसतं. शिवाय गटाराला थेट जोडलेला पाइप म्हणजे घाण पाणी उलटं टाकीत येण्याचा धोका, तोही गेला. तुमच्या इमारतीतला ओव्हरफ्लो कुठे सुटतो, हे आजच बघून या.

पंप बदलावा का, हेही मोजून कळतं. १००० लिटर पाणी ३० मीटर वर चढवायला किमान ०.०८ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून निम्मी वीज कामी लावतात असं धरलं तर ०.१६ युनिट. पंपाला सबमीटर (फक्त त्याचीच वीज मोजणारा मीटर) लावा, गच्चीवरची टाकी किती भरली ते काठीने मोजा आणि युनिटना चढलेल्या हजार लिटरांनी भागा. ३० मीटर उंचीला उत्तर ०.३० च्या वर येत असेल तर कुठेतरी वीज वाया जाते आहे: इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) झिजला असेल, फूट व्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाचा व्हॉल्व्ह) खराब असेल, एखादा व्हॉल्व्ह अर्धवट बंद असेल किंवा पाइप आतून चोंदला असेल. आधी हे तपासा. नवीन पंपाचं कोटेशन नंतर मागवा.

इतकं करूनही पाणी कमी पडतं असं वहीच सांगत असेल, तर नवा स्रोत बघायचा. बोअरबद्दल एकच काळजी घ्या: पहिल्या तासात धो धो आलेलं पाणी बघून निर्णय घेऊ नका. उन्हाळ्याच्या अखेरीस पंप कित्येक तास सलग चालवून आतली पातळी किती खाली जाते आणि बंद केल्यावर किती वेळात परत वर येते, ते मोजून घ्या. पाणी प्रयोगशाळेत द्या. क्षार आणि कठीणपणाबरोबर नायट्रेट, फ्लोराइड आणि ई. कोलाय (मैल्यातून येणारे जंतू) यांचीही तपासणी मागा. पावसाचं गणित सोपं आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर १० मिलिमीटर पडला की ५००० लिटर, त्यातले साधारण ४००० हाती लागतात. खर्च गच्चीवरून पाणी उतरवण्यापेक्षा ते साठवण्याचा जास्त असतो. कोरडे महिने लांबणार असतील तर मोठी टाकी बांधण्यापेक्षा गाळून जमिनीत मुरवणं मला शहाणपणाचं वाटतं.

घरोघरी मीटर बसवावेत असं मला मनापासून वाटतं, पण जुन्या इमारतीत अडचण असते. स्वयंपाकघर, दोन बाथरूम, संडास, सगळ्यांच्या उभ्या लाइनी वेगळ्या, म्हणजे एका फ्लॅटला तीन-चार मीटर. डक्ट (पाइप जातात ती उभी पोकळी) उघडून लाइनी मोजल्याशिवाय या ठरावावर मत घेऊ नका.

आता सोयी. त्यांच्या खर्चाबरोबर त्यांचं पाणीही मांडा. १०० चौरस मीटरच्या पूलमधून दिवसाला ५ मिलिमीटर वाफ झाली तरी ५०० लिटर, महिन्याला १५,०००. फिल्टर बॅकवॉश करताना (उलटं पाणी सोडून धुताना) मिनिटाला ३०० लिटर दराने तीन मिनिटांत ९०० लिटर गटारात. हे पाणी कुठून आणणार, असं पूल मागणाऱ्यांना प्रेमाने पण स्पष्ट विचारा. सर्व्हेमध्ये ‘जिम हवी का?’ हा प्रश्न नको, त्याला सगळेच हो म्हणतात. ‘आत्ता असलेल्या हॉलमध्ये शेवटचे कधी गेलात?’ आणि ‘यासाठी दरमहा मेंटेनन्स वाढला तर चालेल का?’ असं विचारा. बांधकामाचा आकडा एकट्याने सभेत आणू नका. त्याच्या शेजारी दहा वर्षांची वीज, सफाई, माणसांचा पगार आणि दुरुस्ती लिहा.

सिंकिंग फंडात (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीत) हात घालण्याआधी प्रत्येक मोठ्या वस्तूची यादी करा: लिफ्ट, पंप, टाक्या, पाइपलाइन, गच्ची. प्रत्येकीचा बदलण्याचा खर्च, त्यातून साठलेली रक्कम वजा, भागिले उरलेली वर्षं. या सगळ्यांची बेरीज म्हणजे दरवर्षी बाजूला पडायलाच हवी अशी रक्कम. ती भरून उरतं तेवढंच सोयींसाठी.

सभेत पाणी आणि सोयी एकाच ठरावात बांधू देऊ नका. आधी दुरुस्ती, मग पाण्याचा स्रोत, मग सोयी, असे तीन वेगळे ठराव आणि तीन वेगळी मतं. एका पॅकेजमध्ये आलं की ज्यांना फक्त पाणी हवं आहे त्यांनाही पूलसाठी हात वर करावा लागतो. हप्त्यांची मुभा ठरावातच लिहा. पेन्शनवर जगणाऱ्या सभासदाला कमिटीसमोर येऊन सवलत मागावी लागू नये.

कोटेशन घेताना कामाचा तपशील आपण लिहून द्या आणि सगळ्या कंत्राटदारांना तोच कागद द्या. नाहीतर तुलना होत नाही. शेवटचे दहा टक्के हातात ठेवा. टाकीच्या वॉटरप्रूफिंगचं असेल तर टाकी भरून, एक दिवस भिंतींना पाणी पिऊ देऊन, मग खूण करा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि आणखी दोन दिवसांनी कंत्राटदाराला समोर उभं करून पातळी बघा. चेकवर सही त्यानंतर.