बटण एका फोनवर सुबक, दुसऱ्यावर फाटलेलं? ग्राफिक्समधल्या या चुका टाळा

डिझायनरने दिलेलं बटण तुमच्या फोनवर झकास दिसतं. मग क्लायंटकडून स्क्रीनशॉट येतो: गोल कोपरे अंडाकृती झालेत, आयकॉन धूसर दिसतोय, मजकुराचा वरचा भाग कापला गेलाय. अशा वेळी बरेच जण डिझायनरला सांगतात, इमेज आणखी मोठी करून दे. बहुतेक वेळा याने काहीच सुटत नाही. इमेज चांगली असते, पण ती चुकीच्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते, नाहीतर कोडने करायचं काम तिच्या गळ्यात घातलेलं असतं. इथे मुख्यतः अँड्रॉइडबद्दल लिहितो आहे, कारण स्क्रीनचे सर्वाधिक प्रकार तिथेच सांभाळावे लागतात.

एकच मोठी इमेज साध्या ‘ड्रॉएबल’ फोल्डरमध्ये

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ‘ड्रॉएबल’ म्हणजे ॲपच्या इमेज ठेवायचं फोल्डर. अँड्रॉइडमध्ये माप डीपी या एककात धरतात; एका डीपीचे किती पिक्सेल होतात ते स्क्रीनच्या डेन्सिटीवर, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल (डीपीआय) यावर ठरतं. १६० डीपीआयच्या स्क्रीनवर १ डीपी म्हणजे १ पिक्सेल, आणि याला एमडीपीआय म्हणतात. एचडीपीआयला दीडपट, एक्सएचडीपीआयला दुप्पट, एक्सएक्सएचडीपीआयला तिप्पट, एक्सएक्सएक्सएचडीपीआयला चौपट. म्हणजे ४८ डीपीचा आयकॉन अनुक्रमे ४८, ७२, ९६, १४४ आणि १९२ पिक्सेलचा हवा.

आता समजा, १९२ पिक्सेलची इमेज कोणीतरी कसलीही डेन्सिटी न लिहिलेल्या ‘ड्रॉएबल’मध्ये टाकली. सिस्टिम ती एमडीपीआयची समजते, म्हणजे तिच्या लेखी हा आयकॉन १९२ डीपीचा. तिप्पट डेन्सिटीच्या फोनवर ती इमेज ताणून ५७६ पिक्सेलची केली जाते. एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर १४४ पिक्सेलच्या इमेजला साधारण ८१ केबी मेमरी लागली असती, तिथे आता सुमारे १.३ एमबी जाते. सोळापट! लेआउटमध्ये मापं पक्की असतील तर आयकॉन दिसतो योग्य आकाराचाच, म्हणून ही चूक लक्षातही येत नाही. पण लिस्टच्या प्रत्येक ओळीत अशा दोन-तीन वेगवेगळ्या इमेज असल्या की स्वस्त फोनवर स्क्रोल अडखळू लागतं.

उपाय एका मिनिटाचा आहे. ती फाइल उचलून एक्सएक्सएक्सएचडीपीआयच्या फोल्डरमध्ये ठेवा. नवीन एक्स्पोर्ट लागत नाही.

एकरंगी, साध्या आयकॉनला मात्र पीएनजी वापरूच नका, व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषा आणि आकारांनी रेखलेलं चित्र) करा. अँड्रॉइड ५.० पासून व्हेक्टर ड्रॉएबल चालतं आणि प्रत्येक डेन्सिटीला नव्याने रेखलं जातं. डिझायनरची व्हेक्टर फाइल (एसव्हीजी) इम्पोर्ट करताना दोन गोष्टी बघा: सावलीसारखे फिल्टर येत नाहीत, आणि मजकूर आउटलाइनमध्ये बदललेला नसेल तर तोही गायब होतो. व्हेक्टरमधलं ग्रेडियंट अँड्रॉइड ७.० पासूनच मिळतं. जुने फोन सांभाळायचे असतील तर डिझायनरला हे आधीच सांगा.

गोल कोपऱ्यांचं बटण इमेज म्हणून ताणणं

२०० डीपी रुंदीचं बटण टॅबलेटवर ५०० डीपी झालं की कोपरे चेपणारच. रंग, कोपरे आणि बॉर्डर एवढंच असेल तर इमेज हवीच कशाला? एक्सएमएलमध्ये ‘शेप’ लिहा, कोपऱ्याची त्रिज्या डीपीत द्या. काम संपलं.

पोत किंवा खास सावली असेल तर नाइन-पॅच घ्या. त्यात इमेजभोवती १ पिक्सेलची चौकट असते. डाव्या आणि वरच्या कडेवरची काळी रेघ कुठे ताणायचं ते सांगते, उजव्या आणि खालच्या कडेवरची मजकूर कुठे बसवायचा ते. रेघ पूर्ण काळी आणि चौकटीची उरलेली जागा पूर्ण पारदर्शक हवी. सावलीचे फिकट पिक्सेल चौकटीपर्यंत पोचले की बिल्डच अडतो, आणि एररवरून कारण चटकन कळत नाही. इमेज कडेपर्यंत झूम करून बघा. ताणायची रेघ कोपऱ्याच्या वळणात शिरलेली नाही, हेही तपासा.

रंग आपला न दिसणं, दाबलं तरी काही न होणं

मटेरियल कंपोनंट्सची (गूगलच्या तयार डिझाइन लायब्ररीची) थीम असेल तर तुम्ही लिहिलेलं साधं बटण आपोआप मटेरियल बटण बनतं आणि तुमच्या बॅकग्राउंडवर थीमचा मुख्य रंग चढवतं. ग्राफिक खराब नाही, वरून टिंट (रंगाचा थर) लागलाय. ॲप-नेमस्पेसमधला बॅकग्राउंड टिंट नल करा (app:backgroundTint="@null") किंवा त्या जागी ॲपकॉम्पॅट बटण वापरा.

दाबल्यावर रंग बदलत नसेल तर सिलेक्टर (बटणाच्या कोणत्या अवस्थेला कोणतं रूप ते सांगणारी एक्सएमएल फाइल) उघडा. त्यातल्या ओळी वरून खाली तपासल्या जातात आणि पहिली जुळणारी ओळ लागू होते. अट नसलेली ओळ सगळ्यात वर लिहिली असेल तर खालच्या ‘प्रेस्ड’पर्यंत गाडी पोचतच नाही. ती शेवटी न्या.

मजकूर इमेजमध्येच छापणं

हे कृपा करून करू नका. ॲप मराठीत आणायची वेळ आली की प्रत्येक बटणाची नवी इमेज काढावी लागते, टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) ती अक्षरं नीट वाचेलच याची खात्री नसते आणि फोनचा फॉन्ट मोठा केला तरी ती तेवढीच राहतात.

मजकूर कोडमध्ये असला तरी मराठीसाठी एक काळजी घ्यावीच लागते. इंग्रजी लेबल धरून उंची ३६ डीपी पक्की केलेली असते, फॉन्टभोवतीचं जादा पॅडिंगही बंद केलेलं असतं. त्यात ‘ऑर्डरची पुष्टी करा’ टाकून बघा. वर ऑचा चंद्र आणि रफार, खाली पुचा उकार. सेटिंग्जमधून फॉन्ट मोठा केला की वरचं-खालचं दोन्ही कापलं जातं. उंची पक्की करू नका. किमान उंची ४८ डीपी द्या, बाकी मजकुरानुसार वाढू द्या. बोटाने नीट दाबता यावं म्हणूनही अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपीचीच आहे. आयफोनवर हाच आकडा ४४ पॉइंट आहे.

फक्त आपल्या फोनवर तपासणं

१०८० पिक्सेल रुंदीचे दोन फोन सारखे नसतात. ४८० डेन्सिटीला ती रुंदी ३६० डीपी होते, ४२० ला सुमारे ४११. ४२० चा गुणक २.६२५ येतो, म्हणून १ डीपीची बारीक बॉर्डर असलेली इमेज तिथे खाली आणताना पिक्सेल नेमके बसत नाहीत आणि रेघ पुसट दिसते. अशी बॉर्डर शेपमधूनच काढा.

यासाठी दहा फोन जमवायची गरज नाही. अँड्रॉइड ७.० पासून सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले साइझ’ बदलता येतो, आणि तो बदलला की डेन्सिटीच बदलते. डिस्प्ले आणि फॉन्ट दोन्ही सगळ्यात मोठे करा, भाषा मराठी ठेवा, डार्क थीम लावा आणि ॲपमधला प्रत्येक स्क्रीन एकदा फिरून या. मग डिस्प्ले सगळ्यात लहान करून तीच फेरी पुन्हा मारा.