होम थिएटर रिसिव्हर कसा निवडावा: मुंबईतल्या दहा बाय पंधराच्या हॉलसाठी

रिसिव्हर म्हणजे टीव्ही, सेट-टॉप बॉक्स वगैरेंचा आवाज घेऊन तो स्पीकरना पुरवणारा डबा. त्याच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेले असतात ते वॉट. दुकानात बोलणंही तिथूनच सुरू होतं. मुंबईतल्या नेहमीच्या फ्लॅटपुरतं बोलायचं तर हा आकडा सगळ्यात शेवटी बघितला तरी चालतं. भिंतीला भिंत लागून शेजारी असताना रिसिव्हरकडून मुख्य अपेक्षा दोनच असतात: आवाज कमी ठेवूनही संवाद स्पष्ट ऐकू यावेत, आणि घरातल्या कुणालाही तो एका रिमोटवर चालवता यावा. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

१. आधी टेप घ्या

बहुतेक रिसिव्हर साधारण ४३ सेंटिमीटर रुंद आणि ३२ ते ४० सेंटिमीटर खोल असतात. मागे एचडीएमआय केबल वळायला आणखी पाच-सहा सेंटिमीटर लागतात. सुताराकडून करून घेतलेलं टीव्ही युनिट सोळा इंची, म्हणजे ४० सेंटिमीटर खोल असेल तर हिशेब तिथेच फसतो. एक तर मागची प्लाय कापून घ्या, नाहीतर कमी खोलीचं मॉडेल बघा. वर निदान १० सेंटिमीटर मोकळी जागा हवी, कारण हा डबा चांगलाच तापतो. दार लावलेल्या कप्प्यात तो ठेवू नये. आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत: उबदार आणि जाळीदार यंत्र झुरळांना फार आवडतं. स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीपासून ते लांब ठेवता आलं तर बरं.

२. सोफा कुठे आहे, त्यावर स्पीकर ठरतात

आपल्याकडे सोफा बहुधा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. मग ७.१ चा, म्हणजे सात स्पीकर आणि एक सबवूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) यांचा नाद सोडा. मागचे दोन स्पीकर डोक्याच्या मागे थोड्या अंतरावर असले तरच त्यांना अर्थ. सोफा भिंतीला असेल तर ५.१ पुरे आणि खोली अगदीच लहान असेल तर ३.१ सुद्धा. ३.१ म्हणजे पुढे दोन, मध्ये सेंटर आणि एक सबवूफर; ५.१ मध्ये बाजूला आणखी दोन. सिनेमातले संवाद मुख्यतः सेंटरमधून येतात. त्यामुळे पैसे कमी पडत असतील तर बाजूचे स्पीकर पुढच्या वर्षावर ढकला, सेंटर नाही.

छतातून आवाज देणारा डॉल्बी ॲटमॉस २०१२ मध्ये थिएटरांत आला आणि २०१४ मध्ये घरांत. त्यासाठी ५.१.२ मांडणी लागते, शेवटचे दोन स्पीकर छतातले; म्हणजे रिसिव्हर सात चॅनेलचा, सबवूफर सोडून सात स्पीकर चालवणारा हवा. घराचं काम निघणार असेल आणि पीओपी व्हायचं असेल तरच त्याचा विचार करा. वायर पीओपीच्या आधी टाकून घ्या, नंतर ते होत नाही. छताकडे तोंड करून ठेवायचे स्पीकरही मिळतात, पण त्यांना सपाट, आवाज परतवणारं छत लागतं. कोव्ह लाइट आणि डिझाइनच्या पीओपीखाली त्यांचा फारसा परिणाम होत नाही.

३. काय काय जोडणार ते कागदावर लिहा

सेट-टॉप बॉक्स, गेमिंग कन्सोल, स्ट्रीमिंग स्टिक, कधीमधी लॅपटॉप. जितकी नावं तितकी एचडीएमआय इनपुट, आणि वर एक जास्तीचं.

सगळं टीव्हीच्या ॲपवरच बघत असाल तर टीव्हीतून आवाज उलटा रिसिव्हरकडे आणणारी सोय महत्त्वाची: आर्क किंवा ई-आर्क. साधी आर्क डॉल्बी डिजिटल प्लसपर्यंतचा आवाज नेते. ओटीटीवरचा ॲटमॉस याच स्वरूपात येतो, त्यामुळे टीव्ही तो पुढे पाठवत असेल तर आर्कवरही भागतं. टीव्हीला जोडलेल्या ब्लू-रे प्लेअरमधून डॉल्बी ट्रूएचडी (दर्जा न घटवता साठवलेला आवाज) हवा असेल तर ई-आर्क लागते आणि ती टीव्ही व रिसिव्हर दोघांवर हवी.

एचडीएमआय २.१ ची गरज मुख्यतः ४के १२० हर्ट्झवर गेम खेळणाऱ्याला. घरात कन्सोल एकच असेल तर तो सरळ टीव्हीला जोडा आणि आवाज ई-आर्कने रिसिव्हरला द्या. त्यासाठी महागडं मॉडेल घेण्याचं कारण नाही. जुना रिसिव्हर स्वस्तात मिळत असेल तर त्यावर एचडीसीपी २.२ (चित्राची कॉपी रोखणारी सोय) आहे का ते बघा. ते नसेल तर बरीचशी ४के यंत्रं त्यातून ४के चित्र पुढे जाऊ देत नाहीत.

४. रिमोटची परीक्षा

लोक इथे घाई करतात आणि मग घरी रोजची कटकट होते. एचडीएमआय-सीईसी नावाच्या सोयीमुळे टीव्ही सुरू केला की रिसिव्हर सुरू होतो आणि टीव्हीच्याच रिमोटवर आवाज कमी-जास्त होतो. टीव्हीच्या मेनूत ही सोय वेगळ्या नावाने असते: सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. दुकानात विक्रेत्याला टीव्हीचा रिमोट हातात घेऊन हे करून दाखवायला सांगा. तोंडी ‘होतं सगळं’ यावर समाधान मानू नका.

दुसरी चाचणी: रिसिव्हर बंद ठेवून सेट-टॉप बॉक्सचं चित्र आणि आवाज टीव्हीवर येतो का? याला स्टँडबाय पास-थ्रू म्हणतात. सकाळी बातम्या किंवा अभंग लावायला सगळी यंत्रणा चालू करायची गरज पडत नाही. घरी आजी-आजोबा असतील तर हा मुद्दा ॲटमॉसच्या वर धरा.

गाण्यांसाठी ब्लूटूथ जवळपास सगळ्यांवर असतं. वायफायवरची सोय त्यापेक्षा चांगली, फोन आला तरी गाणं थांबत नाही.

५. आवाज खोलीला जुळवून घेणारा रिसिव्हर बघा

फरशी, काचेची स्लायडिंग खिडकी, उघड्या भिंती. आपल्या हॉलमध्ये आवाज घुमतो. खोक्यात मिळणारा छोटा माईक वापरून रिसिव्हर हा घुमणारा आवाज मोजतो आणि प्रत्येक स्पीकरचा सूर, पातळी, अंतर जुळवतो. डेनॉन आणि मरांट्झमध्ये ही यंत्रणा ऑडिसी, यामाहात वायपीएओ. ओंक्योच्या काही मॉडेलांत डिराक लाइव्ह मिळते. ऑडिसीत मल्टईक्यू, एक्सटी, एक्सटी-३२ अशा पायऱ्या आहेत आणि वर जावं तसा खालच्या पट्टीचा हिशेब बारीक होतो. माझ्या मते जास्तीचे पैसे वॉटऐवजी इथे घालावेत.

मोजणी दुपारी करा, सोसायटी शांत असते तेव्हा. पंखा, एसी बंद, खिडक्या बंद. माईक सोफ्याच्या गादीवर टाकू नका, कॅमेऱ्याच्या स्टँडवर कानाच्या उंचीला लावा. गणपतीच्या दहा दिवसांत हे काम काढू नका, ढोल आणि रिसिव्हरचे टेस्ट टोन यांची गल्लत होते. मोजणी संपल्यावर मेनूत जाऊन बघा: छोट्या स्पीकरनाही ‘लार्ज’ म्हटलेलं असेल तर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, म्हणजे खालचा आवाज सबवूफरकडे जाईल. संवाद अजून दबलेले वाटले तर सेंटर दोन डेसिबलने वाढवा.

आता रात्रीचं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबल आहे. नियम राहू द्या, खालच्या मजल्यावरचे काका त्याच्या आधीच बेल वाजवतात. म्हणून निवडताना तीन सोयी विचारा: मोठे-लहान आवाज एका पातळीवर आणणारा नाइट मोड, संवादाची पातळी वेगळी वाढवता येणं, आणि कमी आवाजात खालचे सूर भरून काढणारी यंत्रणा, कारण आवाज कमी केला की आपल्या कानाला बास सगळ्यात आधी कमी वाटतो. ऑडिसीत तिला डायनॅमिक ईक्यू म्हणतात, यामाहात वायपीएओ व्हॉल्यूम. सबवूफर मात्र कोपऱ्यात खुपसू नका. कोपरा बास फुगवतो आणि तो स्लॅबमधून दोन मजले फिरतो.

६. आता वॉट

‘८० वॉट, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू’ हा प्रामाणिक आकडा. ‘१५० वॉट, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनेल, १० टक्के विकृती’ हा खोक्यावरचा. दोन्ही एकाच यंत्राचे असू शकतात. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॉटवर एक मीटरवर ८८ डेसिबल देतो आणि साधं बोलणं असतं ६०च्या आसपास. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये बहुतेक वेळ एक-दोन वॉटच खर्च होत असतात. स्पीकर ४ ओहमचे असतील तर रिसिव्हरला ते चालतात का, तेवढं त्याच्या माहितीपत्रकात तपासा.

७. खरेदी

ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला वायर, प्लग, स्टँड सगळं मिळतं. स्पीकरची वायर घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे, परत करा. शुद्ध तांब्याची १६ गेजची वायर हॉलला पुरते. खाऱ्या, दमट हवेत उघडी टोकं काळी पडतात, म्हणून बनाना प्लग लावून घ्या.

अमेरिकेहून भाऊ-भाचे रिसिव्हर आणून देतो म्हणाले तर आधी मागची पट्टी वाचायला सांगा. तिथली मॉडेलं सहसा १२० व्होल्टची असतात. आपल्या २३० व्होल्टवर लावलं की धूर निघतो, आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यावा लागतो. इथली वॉरंटीही बहुधा मिळत नाही. जीएसटीचं बिल घ्या आणि सर्व्हिस सेंटर मुंबईतच आहे का ते विचारून ठेवा.

घरी आणल्यावर इंटरनेटला जोडून आधी सॉफ्टवेअर अपडेट करा, मग माईकची मोजणी. आणि तो माईक खोक्यासकट रद्दीत देऊ नका. सोफा हलवला, पडदे बदलले, गालिचा घातला की मोजणी पुन्हा करावी लागते.