रिलोडिंग करताना मधेच काही तुटलं, अडकलं तर

रिलोडिंग म्हणजे वाजलेल्या काडतुसाचं पितळी नळकांडं, म्हणजे केस, पुन्हा भरणं. हे सगळं त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे रीतसर परवानगी आहे आणि जिथं घरी काडतुसं भरायला कायद्यानं मुभा आहे.

काहीतरी तुटलं की आपण आधी तुटलेला पार्ट बघायला लागतो आणि तिथंच चुकतो, कारण तो पार्ट कुठं पळून जात नाही, पण त्या क्षणी प्रेसवर (काडतूस भरायच्या हँडलच्या यंत्रावर) अर्धवट अवस्थेत असलेली केस ही खरी भानगड आहे. प्रोग्रेसिव्ह प्रेस (एका हँडलला सगळे टप्पे एकदम करणारा) असेल तर तीनचार स्टेशनवर वेगवेगळ्या टप्प्यातल्या केसेस असतात, कुणात पावडर पडलीये, कुणात नाही, आणि जॅम काढायला हँडल दोनदा पुढेमागे केलं की एखाद्या केसमधे डबल चार्ज, म्हणजे दुप्पट पावडर, पडू शकतो किंवा एखादी कोरडीच, पावडरविना, पुढे सरकते. डबल चार्ज बंदूक फोडू शकतो. कोरड्या केसमधे नुसता प्रायमर (बुडातली पावडर पेटवणारी टोपी) बुलेटला बॅरलमधे ढकलून तिथंच अडकवतो आणि नेमबाजाला कळलं नाही तर पुढचा राउंड त्यावर जाऊन आदळतो. म्हणून जॅम झाला की हँडल सोडा, चष्मा डोळ्यांवर आहे ना बघा, सगळ्या स्टेशनवरच्या केसेस काढून घ्या, त्यातली पावडर कुठली आहे याची खात्री असेल तरच मूळ डब्यात परत टाका, आणि मग स्क्रूड्रायव्हर हातात घ्या. "ही बहुतेक भरलेली असेल" असं जिच्याबद्दल वाटतं ती पण रिकामी करायची.

सगळ्यात जास्त वेळा अडकते ती केस, सायझिंग डायमधे, म्हणजे केसला दाबून मूळ मापात आणणाऱ्या साच्यात. रायफलच्या बाटलीसारख्या गळ्याच्या केसला ल्यूब (वंगण) कमी लागलं की हे होतंच. पिस्तुलाच्या सरळ केसेसना कार्बाइड डाय असेल तर बहुतेक वेळा ल्यूब लागत नाही, त्यामुळे तिकडून रायफलकडे वळलेल्यांना हा त्रास हमखास होतो. हँडल अर्ध्यावर जड झालं की तिथंच थांबा, हळूच मागे घ्या, केस काढा, परत ल्यूब लावा. जोर लावलात तर केस घट्ट बसते आणि रॅम (प्रेसचा वरखाली होणारा दांडा) खाली येताना शेलहोल्डर (केस धरणारा भाग) तिची रिम (बुडाची कड) फाडून आणतो. मग एकच उपाय, स्टक केस रिमूव्हर. आधी डीकॅपिंग रॉड (जुना प्रायमर ढकलून काढणारा) जितका वर घेता येईल तितका घ्या म्हणजे ड्रिल त्याला लागणार नाही. डाय व्हाइसमधे धरून केसच्या बुडाला प्रायमर पॉकेटमधून (प्रायमर बसतो त्या खळग्यातून) सात नंबरच्या ड्रिलनं भोक पाडा, त्यात १/४-२० चा टॅप फिरवून आटे पाडा, वरून किटमधला कप ठेवून बोल्ट घाला आणि ॲलन की नं हळूहळू आवळत जा. केस करकरत बाहेर येते. पण पॉकेटमधे प्रायमर अजून बसलेला असेल आणि तो वाजलेला आहे याची खात्री नसेल तर ड्रिल अजिबात लावायचं नाही, मग कंपनीला फोन करून विचारायचं. डाय मोकळा झाला की नीट साफ करा आणि एक केस सायझ करून बघा, केसवर उभे ओरखडे आले तर आत पितळ चिकटलंय. ल्यूब मात्र बेताचं, जास्त झालं की खांद्यावर खड्डे पडतात.

डीकॅपिंग पिन मोडली तर आधी मोडलेला तुकडा शोधा, तो बऱ्याचदा केसच्या आत नाहीतर फ्लॅश होलमधे (पॉकेटमधून केसच्या आत जाणाऱ्या भोकात) असतो. आणि पिन का मोडली ते बघा. केसमधे टॉर्च मारा, मधे एका भोकाऐवजी दोन छोटी भोकं दिसली तर ती बर्डन केस आहे, आपल्या नेहमीच्या डायचं ते कामच नाही. टंबलरचा मीडिया (केस घासून साफ करायच्या यंत्रातले दाणे) किंवा खडा अडकलेला असणं हे दुसरं कारण. ली कंपनीच्या डायमधे रॉड कॉलेटनं (आवळायच्या पकडीनं) धरलेला असतो, जास्त जोर आला की मोडण्याऐवजी वर सरकतो, तेव्हा नुसता परत सेट करून कॉलेट आवळायचा. बाकी डायसाठी दोनतीन पिना डब्यात ठेवाच.

प्रायमर फीड (प्रेसला ट्यूबमधून एकेक प्रायमर पुरवणारा भाग) अडकलं तर ट्यूबमधे तार, रॉड काही खुपसू नका. एक वाजला की त्याच्या मागचे पण वाजू शकतात. ट्यूब प्रेसवरून सोडवून उलटी करून प्रायमर बाहेर येऊ द्या, आणि नाहीच आले तर कंपनीला विचारा. प्रायमर बसत नाही म्हणून हँडल दाबत राहणं पण तसंच वाईट, मिलिटरी केस असेल तर पॉकेटला क्रिम्प (प्रायमर घट्ट धरायला दाबलेली कड) असतो, तो आधी काढावा लागतो. तेल टाकलं की प्रायमर निकामी होतो यावर अजिबात विसंबू नका.

पावडर सांडली तर ब्रश आणि सुपली, व्हॅक्यूम क्लीनर नाही, त्याच्या मोटरला ठिणगी असते.

तराजूचं बिघडणं तर दिसतच नाही, म्हणून मला तो बाकी सगळ्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. १ ग्रेन (पावडर तोलायचं माप) म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम, त्यामुळे पंख्याची झुळूक, उतरलेली बॅटरी, शेजारी ठेवलेला मोबाईल, एवढ्यानं पण डिजिटलचा आकडा हलतो. चेक वेट (नेमकं माहीत असलेलं वजन) ठेवून बघा, आणि आकडा चुकला तर शेवटची तपासणी बरोबर आली होती तिथपासूनचा सगळा माल बाजूला काढा.

बदली डाय घेताना आटे बहुतेक सगळीकडे ७/८-१४ असतात, त्यामुळे एका कंपनीचा डाय दुसरीच्या प्रेसला चालतो, अपवाद डिलन कंपनीचा स्क्वेअर डील प्रेस, त्याला त्याचेच डाय लागतात. स्प्रिंगा, क्लिपा जुगाड करून बसवू नका, बऱ्याच कंपन्या पार्ट पाठवून देतात, आणि प्रेसच्या फ्रेमला तडा असेल तर वेल्डिंगचा विचार सोडा.

दुरुस्ती झाली की लगेच जुन्या स्पीडनं सुरू करू नका. प्रायमर न घालता एक रिकामी केस सगळ्या स्टेशनवरून फिरवा, मग पहिले दहा चार्ज एकेक करून तोला, आणि प्रत्येक केसमधे बुलेट ठेवायच्या आधी लाइट मारून पावडरची पातळी डोळ्यांनी बघा.