मल्टिप्लेअर मॉड लिनक्सवर नेताना आणि त्याचा कोड खुला करताना या चुका टाळा

विंडोजवरच्या एखाद्या जुन्या खेळाला मल्टिप्लेअरची जोड देणारा मॉड (मूळ खेळात बदल करणारा प्रोग्राम) चार मित्र मिळून लिहितात, खेळणारे वाढतात आणि मग दोन मागण्या पुढे येतात : सर्व्हर लिनक्सवर चालावा आणि कोड सर्वांसाठी खुला व्हावा. कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरी भागात खोली घेऊन अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांचे असे प्रकल्प पाहिले की ही दोन कामे त्यांनी स्वतंत्र मानलेली दिसतात, आणि बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच असते. लेखकाच्या एकाच संगणकावर बिल्ड होणारा, म्हणजे चालणारा प्रोग्राम बनणारा, कोड खुला केला, तरी इतर कोणाला त्याचा उपयोग होत नाही. तो दुसऱ्याच्या यंत्रावर उभा राहतो की नाही, याची पहिली खरी परीक्षा लिनक्सवर होते. म्हणून आधी लिनक्सवरचा सर्व्हर नीट चालवावा आणि त्यानंतरच कोड खुला करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्लायंटबाबत नको ते आश्वासन देणे

मॉडचा क्लायंट, म्हणजे खेळाडूच्या संगणकावरचा भाग, मूळ खेळाच्या प्रोसेसमध्ये शिरतो आणि ठरावीक मेमरी पत्त्यांवरची फंक्शन्स बदलतो. मूळ खेळच फक्त विंडोजसाठी बनलेला असेल, तर त्याचा स्वतंत्र लिनक्स क्लायंट देण्याची घोषणा करण्यात अर्थ नसतो. 'मल्टी थेफ्ट ऑटो : सॅन आंद्रियास' या जुन्या आणि मोठ्या प्रकल्पाने हीच मर्यादा मान्य केली आहे, त्याचा सर्व्हर लिनक्सवर चालतो, क्लायंट मात्र विंडोजचाच आहे आणि लिनक्सवरचे खेळाडू तो वाइनमधून, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, चालवतात.

वाइनमध्ये किंवा स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१८ मध्ये वाइनवर आधारून आणलेल्या प्रोटॉनमध्ये खेळ सुरू होतो, पण मॉड दिसतच नाही, ही सर्वांत जास्त येणारी तक्रार आहे. अनेक मॉड 'डीइनपुट८' अशा सिस्टीम लायब्ररीच्या नावाची डीएलएल फाइल खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवून आत शिरतात, आणि वाइन त्या फाइलऐवजी त्याच नावाची स्वतःची लायब्ररी उचलते. वाइनच्या कॉन्फिगरेशनमध्ये लायब्ररीज या टॅबवर ते नाव जोडून 'नेटिव्ह, मग बिल्टइन' हा क्रम निवडावा. स्टीमवर हीच सूचना लाँच ऑप्शन्समध्ये द्यावी. कर्नल ड्रायव्हर वापरणारी अँटिचीट (फसवणूक पकडणारी यंत्रणा) मात्र वाइनमध्ये चालणार नाही. फसवणूक रोखण्याचे निर्णय सर्व्हरवरच घ्यावेत, हे अशा मॉडसाठी अधिक टिकाऊ धोरण आहे.

सर्व्हर बिल्ड करताना होणाऱ्या चुका

फाइलच्या नावातील कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा फरक विंडोज सहसा पाहत नाही, लिनक्स पाहतो. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये एका पद्धतीने लिहिलेले आणि डिस्कवर दुसऱ्या पद्धतीने ठेवलेले नकाशे लिनक्सवर सापडत नाहीत. उलट्या तिरक्या रेघेने (\) लिहिलेले मार्ग त्याहून फसवे असतात, कारण लिनक्सवर ती रेघ फाइलच्या नावातले एक साधे अक्षर ठरते. फोल्डरमध्ये फाइल तयार होण्याऐवजी बाहेरच एक विचित्र नावाची फाइल तयार होते आणि कोणताही एरर येत नाही. सगळी नावे स्मॉल अक्षरांत आणावीत आणि रेघ सर्वत्र सरळ बाजूची (/) वापरावी. विंडोजवर केवळ अक्षरांचा आकार बदललेला असेल, तर गिटला (कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाला) तो बदल अनेकदा कळत नाही; म्हणून नाव बदलण्यासाठी गिटचीच मूव्ह आज्ञा वापरावी.

यापेक्षा गंभीर चूक नेटवर्कच्या पॅकेटमध्ये (एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यात) दडलेली असते. सी++ मधील 'लाँग' हा प्रकार ६४ बिट विंडोजवर ४ बाइटचा, तर ६४ बिट लिनक्सवर ८ बाइटचा असतो; 'डब्ल्यूकॅर' हा अक्षरांचा प्रकार विंडोजवर २ बाइटचा आणि लिनक्सवर ४ बाइटचा असतो. मेमरीतला स्ट्रक्ट (अनेक फील्डचा एकत्र गठ्ठा) जसाच्या तसा पॅकेटमध्ये टाकणारा कोड दोन्ही बाजूंना विंडोज असेपर्यंत बिनतक्रार चालतो. सर्व्हर लिनक्सवर गेला की खेळाडू जोडला जातो, पण नकाशाच्या बाहेर कुठेतरी उभा दिसतो किंवा लगेच बाहेर फेकला जातो. अशा वेळी लोक फायरवॉल तपासत बसतात. जोडणी होत असेल आणि आकडे चुकत असतील, तर संशय आधी पॅकेटवर घ्यावा. निश्चित रुंदीचे पूर्णांक वापरावेत, प्रत्येक फील्ड वेगळे लिहावे आणि वाचावे, आणि स्ट्रक्टचा आकार कंपाइल होतानाच तपासणारा स्टॅटिक असर्ट घालावा.

मराठी नावांमुळे हीच चूक आणखी लवकर उघडी पडते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे 'कोल्हापूर' या शब्दातील ९ चिन्हांना २७ बाइट लागतात. नावासाठी २४ बाइटची जागा ठेवून त्यातला शेवटचा बाइट समाप्तीसाठी राखला, तर उरलेल्या २३ बाइटांत आठवे चिन्ह मधोमध तुटते. चॅटमध्ये चौकोन दिसू लागतात आणि जेएसॉन (माहिती मजकुरात मांडण्याचा साचा) वाचणारा भाग अख्खी नोंद नाकारतो. मर्यादा बाइटांत मोजायची असेल, तरी कात्री नेहमी चिन्हाच्या सीमेवरच लावावी.

सर्व्हर सुरूच होत नाही तेव्हा

फाइल समोर दिसत असताना 'अशी फाइल नाही' हा संदेश आला, तर पहिली शक्यता ३२ बिटची असते. जुन्या खेळांच्या मॉडचे सर्व्हर बहुधा ३२ बिटचे असतात. ६४ बिट उबंटूवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) त्यांना लागणारा ३२ बिट लोडर, म्हणजे प्रोग्राम सुरू करणारा भाग, नसतो आणि संदेश त्या लोडरबद्दलचा असतो. आय३८६ आर्किटेक्चर जोडून सी आणि सी++ च्या ३२ बिट लायब्ररी बसवाव्यात. स्क्रिप्टबाबत असाच संदेश आला, तर ओळींच्या शेवटी विंडोजची चिन्हे राहिली आहेत का, ते पाहावे. गिट ॲट्रिब्यूट्सच्या फाइलमध्ये नियम लिहून ठेवला की हा प्रश्न पुन्हा येत नाही.

'ग्लिबसी २.३४ सापडत नाही' असा संदेश (ग्लिबसी ही लिनक्सवरची सी लायब्ररी) म्हणजे बिल्ड नव्या यंत्रावर झाला आणि सर्व्हर जुन्या यंत्रावर चालवला जात आहे. उबंटू २०.०४ मध्ये ग्लिबसी २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५. जुन्यावर केलेला बिल्ड नव्यावर चालतो, उलट सहसा चालत नाही; म्हणून ज्या सर्वांत जुन्या आवृत्तीला आधार द्यायचा, तिच्या कंटेनरमध्येच (त्या आवृत्तीच्या वेगळ्या बंदिस्त वातावरणात) बिल्ड करावा. सर्व्हर रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून मुळीच चालवू नये. बाहेरून येणाऱ्या पॅकेटवर प्रक्रिया करणाऱ्या कोडला त्या अधिकारांची गरज नसते.

घरच्या ब्रॉडबँडवर सर्व्हर ठेवणाऱ्यांनी राउटरवर उघडलेला पोर्ट मॉडचा सर्व्हर वापरतो त्याच पद्धतीचा, यूडीपीचा की टीसीपीचा, आहे का, हे तपासावे. राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात सुरू होत असेल, तर पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटत आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंगने (राउटरकडे आलेली जोडणी घरच्या संगणकाकडे वळवण्याने) काही साधणार नाही. तेथे स्थिर पत्ता मागावा किंवा भाड्याचा छोटा सर्व्हर घ्यावा.

कोड खुला करताना

रिपॉझिटरी, म्हणजे कोडचा साठा, सार्वजनिक केली म्हणजे कोड मुक्त झाला, हा समज चुकीचा आहे. परवाना जोडलेला नसेल, तर सर्व हक्क लेखकांकडेच राहतात आणि इतरांना तो कोड बदलून वाटण्याची मुभा मिळत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत धरले जातात, त्यामुळे पूर्वी कोड देऊन गेलेल्या प्रत्येक सहकाऱ्याचा हक्क त्याच्या भागावर असतो. परवाना लावण्यापूर्वी त्यांची लेखी संमती घ्यावी. जो सापडत नाही, त्याचा भाग नव्याने लिहावा.

परवाना निवडताना सर्व्हरचा विचार वेगळा करावा लागतो. जीपीएल (प्रत वाटणाऱ्याने तिचा कोडही द्यावा असा परवाना) याखालचा सर्व्हर कोणी बदलून स्वतःच्या यंत्रावर चालवला आणि कोणाला वाटला नाही, तर बदल उघड करण्याचे बंधन त्याच्यावर येत नाही. मॉडच्या बाबतीत नेमके हेच घडते. सुधारणा परत याव्यात अशी मनापासून इच्छा असेल, तर नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही बदललेला कोड देण्याचे बंधन घालणारा एजीपीएल घ्यावा. मल्टी थेफ्ट ऑटोने जीपीएल ३ निवडला, ओपन एमपी या दुसऱ्या मल्टिप्लेअर प्रकल्पाने फाइलपुरते बंधन घालणारा एमपीएल २.० निवडला, दोन्ही प्रकल्प चालतात, पण त्यांची उद्दिष्टे सारखी नाहीत. आवाजासाठी किंवा अन्य कामासाठी बंद लायब्ररी जोडली असेल, तर जीपीएलसोबत तसा अपवाद लिहून द्यावा लागतो.

मूळ खेळाचे काहीही रिपॉझिटरीत ठेवू नये, यावर मी तडजोड सुचवणार नाही. क्वेक ३ चा कोड आयडी सॉफ्टवेअरने २००५ मध्ये जीपीएलखाली दिला, तेव्हाही नकाशे, चित्रे आणि आवाज त्यात नव्हते. जीटीए ३ या खेळाचा कोड उलगडून पुन्हा लिहिणाऱ्या आरई३ प्रकल्पावर त्या खेळाची हक्कदार कंपनी टेक-टूने २०२१ मध्ये आधी हटवण्याची नोटीस आणि नंतर दावा आणला. खेळाचे मॉडेल, टेक्स्चर किंवा डिकंपाइल केलेली (तयार प्रोग्राममधून परत उलगडलेली) फंक्शन्स तुमच्याकडे असतील, तर ती आधी बाहेर काढावीत आणि मूळ प्रत खेळाडूने स्वतः विकत घेतलेली असावी, असे स्पष्ट लिहावे.

डेटाबेसचा पासवर्ड फाइलमधून पुसला, तरी गिटच्या इतिहासात तो राहतो. इतिहास साफ करण्याआधी तो पासवर्ड आणि सर्व एपीआय कीज (इतर सेवा वापरण्याच्या गुप्त किल्ल्या) बदलाव्यात, कारण प्रत कोणाकडे गेली हे कळत नसते.

बिल्डच्या पायऱ्या न देता नुसता कोड टाकणे म्हणजे उद्यमनगरातल्या फाउंड्रीत पॅटर्न न देता दुसऱ्याला तोच भाग ओतायला सांगणे होय. सीमेक या बिल्डच्या साधनाची फाइल, लागणाऱ्या लायब्ररींच्या निश्चित आवृत्त्या आणि नव्या कोऱ्या कंटेनरमध्ये चालणारी आज्ञा यांची खात्री कोड न लिहिलेल्या व्यक्तीकडून करून घ्यावी. प्रत्येक कमिटवर, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या प्रत्येक बदलावर, विंडोज आणि लिनक्स दोन्हींचा बिल्ड आपोआप व्हावा. प्रत्येक प्रकाशित आवृत्तीची डिबग चिन्हे वेगळी जपून ठेवावीत. ती नसतील, तर क्रॅशच्या अहवालात केवळ पत्ते उरतात आणि कोणत्या फंक्शनमध्ये सर्व्हर पडला, हे शोधता येत नाही.