'कट्' वाजलं म्हणजे बोल्ट बसला असं नाही: बॉडी आणि चासीचे बोल्ट आवळताना या चुका टाळा

टॉर्क रेंच, म्हणजे लावलेल्या आकड्याएवढा फिरवायचा जोर (टॉर्क) आला की 'कट्' वाजणारा पाना, नुकताच हातात आलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. आकडा लावायचा, ओढायचं, 'कट्' वाजलं की पुढच्या बोल्टकडे वळायचं. दहा बोल्ट, दहा कट्, काम फत्ते. महिन्याभराने हाच माणूस सांगत येतो, की बॉडीतून खडखड येतेय, पण "सगळं टॉर्कवर आवळलंय हां!"

आवळलं असेलच, त्यावर माझा विश्वास आहे. पण बोल्ट फिरवायला किती जोर लागला एवढंच रेंचला कळतं. तो जोर कुठे खर्च झाला हे त्याला कळत नाही. बोल्टचं खरं काम ताणलं जाणं हे आहे. तो स्प्रिंगसारखा किंचित लांबतो आणि आखडायच्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. आपण लावलेल्या जोरातला साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणातच जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांमध्ये जातो आणि ताणाच्या वाट्याला जेमतेम १० टक्के येतात. घर्षण बदललं की हे १० टक्के बरेच कमी-जास्त होतात. रेंच मात्र त्याच आकड्यावर कट् म्हणणार.

रंगावर आवळलेला बोल्ट

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी स्वतः होऊ दिली आहे.

एक पिकअप होती. गंज फार झाला म्हणून हौदा उतरवला आणि चासी घासून पावडर कोटिंगला दिली. परत आली ती आरशासारखी. कोटिंग करणाऱ्याने कंस (ब्रॅकेट), भोकं, बोल्टची बसायची जागा काही सोडलं नव्हतं. हौद्याच्या पट्ट्यांनाही तसाच जाड रंग. बोल्ट नवे, एम-१२ (१२ मिलिमीटर जाडीचे), ८.८ या ताकदीच्या ग्रेडचे. हाताखालचा पोरगा म्हणाला, "दादा, हौदा मी आवळतो." मी दुसऱ्या बाजूला ब्रेकच्या नळ्यांमध्ये अडकलेलो. तिकडून येणारे कट् कट् मनात मोजत होतो. आठ झाले. हिशोब जुळला, गाडी गेली.

पाच आठवड्यांनी मालक परत. खड्ड्यातून गेलं की मागून 'टक्' वाजतं म्हणाला. मी दोन तास शॉक अब्झॉर्बर आणि पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) बुशांमध्ये घालवले. मग सहज म्हणून हौद्याच्या एका बोल्टला छोटा रॅचेट लावला, तर तो दोन बोटांनी फिरला. आठपैकी पाच ढिले. एक बाहेर काढून पाहिला. वॉशरखालचा रंग दबून पातळ झालेला आणि भोवती त्याची झालर बाहेर आलेली, नखाला लागेल एवढी.

आता हिशोब बघा. एम-१२ चा ८.८ बोल्ट आणि दाबली जाणारी जाडी ४० मिलिमीटर धरली, तर नीट आवळलेला बोल्ट लांबतो सुमारे ०.०८ मिलिमीटर. बस्, एवढंच. या ०.०८ वर हौदा उभा असतो. पावडर कोटिंगचा एक थर सहज ०.०६ ते ०.१ मिलिमीटरचा असतो आणि इथे तसे चार थर होते: डोक्याखाली, पट्टीच्या खालच्या अंगाला, कंसाच्या वर आणि नटापाशी. प्रत्येक थर ०.०२ ने बसला की बोल्टची सगळी ओढ संपली. कुणी बोल्ट सोडवला नाही, तो फिरलासुद्धा नाही, त्याच्याखालची जमीन खचली.

माझी सवय आता अशी: चासी रंगाला जाण्याआधी बसायच्या जागांवर गोल टेप लावतो आणि आट्यांमध्ये बुचं घालतो. रंगवून आलीच असेल तर वॉशरच्या व्यासाएवढा रंग धातूपर्यंत खरवडतो, त्यावर प्राइमरचा अगदी पातळ हात देतो आणि आवळून झाल्यावर कडेने गंजरोधक मेण फिरवतो. "एवढा सुंदर रंग खरवडायचा?" हो, खरवडायचा. जुन्या गाडीत हेच काम गंजाच्या पापुद्र्यांचं आणि वाळलेल्या चिखलाचं करावं लागतं. वायर ब्रश मारायला दोन मिनिटं लागतात, पण नवशिक्यांना ती दोन मिनिटंच जड जातात.

गनने ठोकायचं आणि वरून कट् वाजवायचं

रोज दिसणारी फसवणूक, बहुतेक वेळा स्वतःचीच. हवेच्या गनने बोल्ट टर्र करून शेवटापर्यंत नेतात, मग टॉर्क रेंच लावतात, तो जागचा न हलता कट् वाजतो आणि मंडळी समाधानी. तो कट् सांगतो एवढंच, की बोल्ट या आकड्याला किंवा त्याच्या वर आहे. किती वर? देव जाणे. गन सैल बोल्ट पटापट खाली आणायला उत्तम, मीही वापरतो. पण डोकं टेकायच्या आधी ती बाजूला ठेवतो. शेवटच्या टप्प्यात रेंच सावकाश, न थांबता ओढला गेला पाहिजे आणि बोल्ट फिरत असतानाच कट् आला पाहिजे. कट् आला की सोडा. "एक जास्तीचा, खात्रीसाठी" ओढणाऱ्यांना मी विचारतो, खात्री कशाची?

आधी हाताने, सगळे

बॉडी चासीवर टेकली की पहिला बोल्ट पूर्ण आवळून टाकायचा मोह होतो. मग चौथ्या बोल्टपाशी भोकं जुळत नाहीत, आणि टॉमी (पोलादी दांडा) घालून, गनने रेटून तो तिरका घुसवला जातो. तिरका बसलेला बोल्टही आकडा गाठतो, हे लक्षात घ्या. आटे कापले जात असतात आणि रेंच खुशाल कट् म्हणतो.

त्याचाच भाऊ म्हणजे चुकीच्या आट्यांचा बोल्ट. एम-१० म्हणजे फक्त जाडी झाली. आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर असतं, तसं १.२५ ही असतं आणि गाड्यांवर दोन्ही सापडतात. डब्यातला 'अगदी तसाच' दिसणारा बोल्ट एकदोन फेरे गोडीत जातो आणि मग घट्ट होतो. अनुभवी हात इथे थांबतो, अधीर हात लांब पाना शोधतो. एकाने असाच बोल्ट चासीच्या बंद पेटीतल्या कोंडलेल्या नटात रेटला. कट् वाजला. पुढे तो काढायच्या वेळी आतला नटच वेल्ड तुटून बोल्टबरोबर गरगर फिरायला लागला. चासीला खिडकी कापून नवा नट वेल्ड करेपर्यंत दिवस मावळला, आणि तो दिवस माझा होता, त्याचा नव्हता.

म्हणून माझ्याकडे नियम आहे: सगळे बोल्ट बोटांनी किमान चार-पाच फेरे गेल्याशिवाय कुठलाही पाना हातात घ्यायचा नाही. मग बॉडी हलवून दारांच्या फटी बघायच्या, मधून सुरू करून आळीपाळीने दोन्ही बाजूंना बोल्ट नुसते टेकवायचे, मग एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि शेवटी पूर्ण आकडा. बॉडीच्या रबरांमध्ये पोलादी नळी असते. आवळताना वॉशर त्या नळीवर टेकला की जोर एकदम चढतो, हाताला कळतं. रबर फुगत चाललंय आणि जोर चढतच नाहीये, तर नळी गंजून आखूड झालीय किंवा बसवायची राहिलीय. कट् यायची वाट बघत ओढत बसू नका.

आट्यांना तेल

"गंजू नये म्हणून थोडं लावलं." हेतू चांगला. पण कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेलकट आट्यांवर वापरला, तर त्याच टॉर्कला ताण तिसऱ्या हिश्श्याने जास्त भरू शकतो, आणि बोल्ट आधीच त्याच्या सोसण्याच्या हद्दीजवळ आवळलेला असतो. मॅन्युअल कोरडं म्हणत असेल तर आटे ब्रेक क्लीनरने धुऊन वाळवा, तेल किंवा लॉकचा (आटे चिकटवून धरणाऱ्या द्रवाचा) थेंब सांगितला असेल तर तोच लावा. गंजलेल्या आट्यांचं उलट होतं: जोर सगळा गंजात जातो आणि बोल्ट ताणलाच जात नाही. असे आटे साफ करायला आटे साफ करायचंच हत्यार वापरा. नवे आटे पाडायचा टॅप घातला की धातूही खरवडला जातो. आणि बंद भोकात तेल साचलेलं असेल तर आधी काढा, बोल्टने दाबलेलं तेल ओतीव भागाला तडा देऊ शकतं.

चाकं लोंबकळत असताना

सस्पेन्शनचे हात ज्या बोल्टांनी चासीला किंवा सबफ्रेमला धरलेले असतात, ते गाडी लिफ्टवर, चाकं खाली लोंबत असताना शेवटपर्यंत आवळू नका. बहुतेक ठिकाणी आतलं रबर नळीला चिकटवलेलं असतं. त्या स्थितीत ते जखडलं, की गाडी खाली उतरल्यावर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग "पार्ट डुप्लिकेट निघाला" असं म्हणतात. चाकांवर वजन येऊ द्या किंवा सस्पेन्शनच्या हाताखाली जॅक लावून नेहमीची उंची आणा, मग आकडा लावा.

बाकीचं भराभर

फूट-पाउंडाचा आकडा न्यूटन-मीटर समजून लावला तर टॉर्क चौथाईपेक्षा जास्त कमी पडतो, आणि १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. आकड्याशेजारचं एककही वाचा. सरळ एक्स्टेन्शनने फरक पडत नाही, पण रेंचच्या पुढे सरळ रेषेत पान्याच्या तोंडाचा जोड लावला तर पडतो: ४०० मिलिमीटरच्या रेंचला ५० चा जोड लावून बोल्टवर ९० न्यूटन-मीटर हवे असतील तर रेंचवर ८० लावायचे. जोड काटकोनात लावला की हे गणित लागत नाही. टॉर्क रेंचला पाइप लावू नका, त्याने गंजलेले बोल्ट खोलू नका, काम झालं की आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवा. टॉर्कनंतर अंशांत फिरवायला सांगितलेले बोल्ट बऱ्याचदा एकदाच वापरायचे असतात. मॅन्युअल नवे घाला म्हणत असेल तर नवेच घाला, कंजुषी नको. नायलॉनवाल्या नटाचंही तेच. चमकतात म्हणून स्टेनलेसचे बोल्ट चासीत नकोत. नेहमीचा ए२-७० हा ८.८ पेक्षा कमजोर असतो, वर त्याचे आटे एकमेकांना चावून जाम होतात.

स्प्रिंग वॉशरवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी: गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्येच दाखवलं, की जोड आडवा सरकायला लागला की बोल्ट आपोआप सुटतो. सरकणं थांबवतो तो पुरेसा ताण. आवळल्यावर सपाट झालेला तो फाटका वॉशर तिथे फारसं काही करत नाही.

आणि तुटलेला बोल्ट घेऊन "याहून भारी द्या, १२.९ चा" म्हणणाऱ्यांनो, आधी तुटलेली जागा बघा. समुद्राच्या लाटांसारख्या रेघा दिसत असतील तर तो थकून तुटलाय, आणि थकायचं नेहमीचं कारण म्हणजे तो सैल होता. सैल बोल्ट प्रत्येक हादऱ्याचा पूर्ण भार स्वतः झेलतो. नीट आवळलेल्याच्या वाट्याला त्यातला थोडाच येतो.

पुन्हा तपासताना

आवळून झालं की डोक्यावरून शेजारच्या धातूवर पिवळ्या पेनाने एक रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय. पण रेघ सरळ आहे म्हणून निश्चिंत राहू नका, पिकअपवर रेघा असत्या तर त्याही सरळच दिसल्या असत्या. म्हणून नव्या रंगाच्या किंवा नव्या रबराच्या गाडीला मी ५०० किलोमीटरनंतर परत बोलावतो आणि त्याच आकड्यावर रेंच लावून हळू ओढतो. कट्च्या आधी बोल्ट हलला तर खालचा थर दबून त्याची ओढ कमी झाली होती. जिथे आट्यांना लॉक लावलंय किंवा अंशांत आवळलंय, तिथे हा प्रयोग करत नाही.

त्या पिकअपचा हौदा आम्ही पुन्हा उतरवला, जागा खरवडल्या, नवे बोल्ट घातले. ५०० किलोमीटरनंतर ती आली तेव्हा सात बोल्ट जागचे हलले नाहीत, आठवा किंचित फिरला. पोरगा काही न बोलता खाली सरकला, तो बोल्ट काढला आणि वॉशर उलटा करून माझ्यासमोर धरला. एका कडेला चंद्रकोरीएवढा रंग राहून गेला होता.